‘बाय फ्रायडे’ की ‘टिल फ्रायडे’? मीटिंग, रजा आणि डेडलाइन कळवताना नेमकं प्रिपोझिशन कसं निवडायचं

‘शुक्रवारपर्यंत रिपोर्ट पाठवा’ आणि ‘शुक्रवारपर्यंत मी रजेवर आहे’. मराठीत दोन्हीकडे ‘पर्यंत’ आहे आणि कुणाचाही गोंधळ होत नाही. इंग्रजीत मात्र पहिल्या वाक्याला ‘बाय फ्रायडे’ लागतं आणि दुसऱ्याला ‘टिल फ्रायडे’. दुसऱ्या वाक्यात चुकून ‘आय विल बी ऑन लीव्ह बाय फ्रायडे’ लिहिलं, तर वाचणारा समजतो की रजा शुक्रवारी किंवा त्याच्या थोडी आधी सुरू होणार. म्हणजे ज्या दिवशी तुम्ही परत यायच्या बेतात आहात, त्या दिवशी तुम्ही निघणार असा त्याचा समज होतो.

वेळेच्या प्रिपोझिशन्समध्ये सगळ्या चुका सारख्या नसतात. ‘ॲट’च्या जागी ‘इन’ पडलं तर वाचणारा क्षणभर अडखळतो, पण मीटिंगला वेळेवर येतो. ‘बाय’ आणि ‘टिल’, ‘इन’ आणि ‘आफ्टर’, ‘पोस्टपोन्ड ऑन’ आणि ‘पोस्टपोन्ड टू’ यांत चूक झाली तर काम एक-दोन दिवसांनी चुकू शकतं. शाळेत ‘ॲट, ऑन, इन’च्या रिकाम्या जागा भरायचा सराव भरपूर होतो, दुसऱ्या गटाकडे फारसं कुणी बघत नाही. म्हणून इथे आधी तो दुसरा गट घेऊ. उदाहरणांतले वार २०२६ च्या जूनचे आहेत.

‘पर्यंत’चे दोन अर्थ

आधी मराठीतच स्वतःला विचारा : वाक्यातलं काम एकदा होऊन संपणारं आहे, की त्या वेळेपर्यंत चालू राहणारं? रिपोर्ट पाठवणं, फॉर्म भरणं, पैसे जमा करणं, निर्णय कळवणं ही एकदा होऊन संपणारी कामं. त्यांना ‘बाय’. रजेवर असणं, वाट बघणं, ऑफिस बंद असणं, नोंदणी चालू असणं या तोवर टिकणाऱ्या गोष्टी. त्यांना ‘टिल’ किंवा ‘अंटिल’.

हे ठरवायला जड गेलं तर ‘पर्यंत’च्या जागी ‘च्या आत’ घालून बघा. ‘शुक्रवारच्या आत रिपोर्ट पाठवा’ हे चालतं, म्हणून तिथे ‘बाय’. ‘शुक्रवारच्या आत मी रजेवर आहे’ हे कानाला लगेच खटकतं, म्हणून तिथे ‘टिल’. ही कसोटी फक्त शब्द निवडण्यापुरती वापरा. शुक्रवार स्वतः मुदतीत धरायचा की नाही, हा वेगळा प्रश्न आहे. ‘बाय फ्रायडे’मध्ये शुक्रवार सहसा धरलेला असतो. तो नको असेल तर ‘बिफोर फ्रायडे’ लिहा. पण शुक्रवारी सकाळी हवं आहे की दिवस संपताना, हे दोन्हींतून कळत नाही. त्यामुळे जिथे खरोखर अडणार असेल तिथे ‘बाय ५ पीएम ऑन फ्रायडे, १२ जून’ असं पूर्ण लिहावं.

‘टिल’ आणि ‘अंटिल’ यांच्या अर्थात फरक नाही. ‘अंटिल’ किंचित औपचारिक वाटतं आणि वाक्याच्या सुरुवातीला तेच शोभतं. स्पेलिंगमध्ये ‘टिल’ला दोन एल, ‘अंटिल’ला एकच. ‘अप टू’ हे दोन सुटे शब्द आहेत, आपल्याकडे ते सर्रास जोडून लिहिले जातात.

नकारार्थी वाक्यात हा फरक सगळ्यात महाग पडतो. ‘शुक्रवारपर्यंत डिझाइन तयार होणार नाही.’ मराठीत याचे दोन अर्थ निघतात आणि कुठला ते आपण संदर्भावरून ओळखतो. इंग्रजीत तुम्हाला एक निवडावाच लागतो. ‘द डिझाइन वोन्ट बी रेडी अंटिल फ्रायडे’ म्हणजे शुक्रवारी ते तयार होईल, त्याआधी मागू नका. ‘द डिझाइन वोन्ट बी रेडी बाय फ्रायडे’ म्हणजे शुक्रवार उजाडला तरी ते तयार नसेल, पुढची तारीख बघा. क्लायंटला पहिलं सांगायचं असताना दुसरं गेलं, तर तो विनाकारण वरिष्ठांना कॉपी ठेवून उत्तर पाठवतो. उलट झालं, तर शुक्रवारी सकाळी ‘कुठे आहे डिझाइन’ म्हणून फोन येतो.

याच ठिकाणी मराठीतून सरळ उचललेली आणखी एक चूक होते. ‘तुम्ही कन्फर्म करत नाही तोपर्यंत आम्ही रूम बुक करणार नाही’ या वाक्यात मराठीला पहिला ‘नाही’ लागतोच. इंग्रजीत तो नकार ‘अंटिल’च्या पोटातच असतो. म्हणून ‘अंटिल यू डोन्ट कन्फर्म’ चूक. ‘वुई वोन्ट बुक द रूम अंटिल यू कन्फर्म’ एवढंच लिहायचं. ‘अंटिल’च्या पुढे ‘डोन्ट’ किंवा ‘डझन्ट’ दिसला की बहुतेक वेळा तो काढून टाकायचा असतो.

रजेच्या सूचनेत ‘टिल’ बरोबर असूनही एक फट राहते. ‘आय ॲम ऑन लीव्ह टिल १२ जून’ लिहिल्यावर १२ जूनला तुम्ही जागेवर असाल की नाही? काही जण १२ तारीख रजेत धरतात, काही धरत नाहीत. कुणाचं बरोबर यावर वाद घालण्यापेक्षा परतीचा दिवस लिहावा : ‘आय विल बी ऑन लीव्ह फ्रॉम ८ टू १२ जून अँड बॅक ॲट वर्क ऑन मंडे, १५ जून’. करारात किंवा परिपत्रकात मुदत अगदी घट्ट बांधायची असेल, तर ‘अप टू अँड इन्क्लूडिंग १२ जून’ असा प्रयोग आहे, त्यात पळवाट उरत नाही. अमेरिकन लोक यासाठी ‘थ्रू’ वापरतात. ‘मंडे थ्रू फ्रायडे’ म्हणजे शुक्रवार धरून पाचही दिवस. ब्रिटिश वाचकाला ‘मंडे टू फ्रायडे’ जास्त ओळखीचं.

‘बाय’चं दुसरं काम

‘बाय’ मुदत सांगतं तसं अंतरही सांगतं. ‘बाय टू डेज’ म्हणजे दोन दिवसांनी पुढे किंवा मागे. या दोन कामांची सरमिसळ झाली की अशी वाक्यं तयार होतात : ‘द लास्ट डेट हॅज बीन एक्स्टेंडेड बाय १५ जून.’ लिहिणाऱ्याला म्हणायचं असतं की मुदत १५ जूनपर्यंत वाढवली. पण ‘एक्स्टेंड’च्या पुढच्या ‘बाय’ला किती दिवस हा आकडा हवा असतो, तारीख नव्हे. तारीख द्यायची तर ‘एक्स्टेंडेड टू १५ जून’ किंवा ‘अंटिल १५ जून’. आकडा द्यायचा तर ‘एक्स्टेंडेड बाय थ्री डेज’. दोन्ही एकत्र दिलं तर सगळ्यात उत्तम, कारण वाचणाऱ्याला बेरीज तपासता येते : ‘एक्स्टेंडेड बाय थ्री डेज, फ्रॉम १२ टू १५ जून’.

मीटिंग पुढे ढकलली, अलीकडे आणली

‘पोस्टपोन’, ‘मूव्ह’, ‘रीशेड्यूल’, ‘ब्रिंग फॉरवर्ड’ या सगळ्या क्रियापदांना हाच साचा लागू पडतो : नव्या तारखेआधी ‘टू’, फरकाच्या दिवसांआधी ‘बाय’, जुन्या तारखेआधी ‘फ्रॉम’. ‘पोस्टपोन’ला ‘अंटिल’ आणि ‘रीशेड्यूल’ला ‘फॉर’ही चालतं.

इथे ‘ऑन’ वापरणं हा निव्वळ शैलीचा दोष नाही, त्याने अर्थच बदलतो. ‘द मीटिंग वॉज पोस्टपोन्ड ऑन मंडे’ म्हणजे पुढे ढकलण्याचा निर्णय सोमवारी झाला, नवी तारीख अजून कळलेलीच नाही. मराठीत ‘मीटिंग सोमवारवर ढकलली’ म्हणतो, त्या ‘वर’चं थेट ‘ऑन’ होतं आणि घात होतो.

‘शेड्यूल’चंही तसंच. मीटिंग ‘इज ऑन मंडे’ असते, ‘टेक्स प्लेस ऑन मंडे’ किंवा ‘विल बी हेल्ड ऑन मंडे’ असते, पण ‘इज शेड्यूल्ड फॉर मंडे’. म्हणजे मीटिंग प्रत्यक्ष होण्याचं क्रियापद असेल तर ‘ऑन’, आणि ठरवण्याचं क्रियापद असेल तर ‘फॉर’. ठरवण्याच्या गटात ‘शेड्यूल’, ‘प्लॅन’, ‘बुक’, ‘फिक्स’, ‘सेट’ सगळी येतात. ‘शेड्यूल्ड ऑन मंडे’ आपल्याकडे इतकं लिहिलं जातं की भारतीय वाचक त्याला अडत नाही. पण कर्तरी वाक्यात तेच ‘ऑन’ फसवतं. ‘आय शेड्यूल्ड द कॉल ऑन मंडे’ याचा सरळ अर्थ असा की सोमवारी मी कॅलेंडर उघडून कॉल ठरवला. कॉल कधी आहे ते वाक्यात आलेलंच नाही. ‘आय शेड्यूल्ड द कॉल फॉर मंडे’ म्हटलं की कॉलचा दिवस कळतो. वेळही याच ‘फॉर’खाली येते : ‘शेड्यूल्ड फॉर ११ एएम ऑन मंडे’, नाहीतर ‘फॉर मंडे ॲट ११ एएम’. आणि ‘शेड्यूल्ड बाय’च्या पुढे कुणी ठरवलं त्याचं नाव येतं, तिथे वार टाकू नका.

‘फॉरवर्ड’ या शब्दापासून जरा जपून. ‘बुधवारची मीटिंग टू डेज फॉरवर्ड मूव्ह केली’ असं सांगितलं तर ती सोमवारी गेली की शुक्रवारी? यावर जन्माने इंग्रजी बोलणाऱ्यांचंही एकमत होत नाही, मानसशास्त्रज्ञांनी नेमका हाच प्रश्न लोकांना विचारून पाहिला आहे आणि दोन्ही उत्तरं आली आहेत. ‘ब्रिंग फॉरवर्ड’ मात्र ब्रिटिश वापरात पक्कं आहे : अलीकडे आणणं. अमेरिकेत त्यासाठी ‘मूव्ह अप’ म्हणतात. आपलं ‘प्रीपोन’ ऑक्सफर्डच्या शब्दकोशांत भारतीय इंग्रजी म्हणून नोंदलेलं आहे आणि त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. फक्त परदेशी वाचकाला ते ठाऊक असेलच असं नाही, म्हणून बाहेर जाणाऱ्या मेलमध्ये वापरू नये. या सगळ्यांतून सुटण्याचा एकच खात्रीचा मार्ग आहे, तो म्हणजे दोन्ही तारखा देणं : ‘मूव्ह्ड फ्रॉम वेन्सडे, १० जून टू फ्रायडे, १२ जून’.

दोन दिवसांत, दोन दिवसांनी, दोन दिवसांपूर्वी

इथे मराठी इंग्रजीपेक्षा नेमकी आहे. ‘दोन दिवसांत’ आणि ‘दोन दिवसांनी’ आपण कधी एकमेकांच्या जागी वापरत नाही. इंग्रजीत दोन्हींना ‘इन टू डेज’ म्हणता येतं. ‘द लाँच इज इन टू डेज’ म्हणजे दोन दिवसांनी. ‘वुई कॅन फिनिश द टेस्टिंग इन टू डेज’ म्हणजे दोन दिवसांत, कामाला दोन दिवस लागतील. आपल्याला हे एकाच शब्दावर सोपवणं पटत नाही, म्हणून ‘दोन दिवसांनी’साठी आपण ‘आफ्टर टू डेज’ लिहितो.

आतापासून मोजलेल्या पुढच्या वेळेला ‘आफ्टर’ लावू नका. ‘आय विल कॉल यू आफ्टर टेन मिनिट्स’ऐवजी ‘इन टेन मिनिट्स’. ‘आफ्टर’च्या पुढे घटना किंवा घड्याळातली वेळ येऊ द्या : ‘आफ्टर द मीटिंग’, ‘आफ्टर लंच’, ‘आफ्टर ५ पीएम’. भूतकाळात ‘ही कॉल्ड बॅक आफ्टर टेन मिनिट्स’ बरोबर आहे, कारण तिथे मोजणी आतापासून होत नाही. ‘आफ्टर टू डेज’मध्ये आणखी एक तोटा असा की वाचणाऱ्याला ती खालची मर्यादा वाटू शकते : दोन दिवस उलटल्यानंतर कधीही.

‘दोन दिवसांत’ ही मर्यादा म्हणून सांगायची असेल तर ‘विदिन टू डेज’ वापरा, तिथे संदिग्धता संपते. सुट्ट्या मध्ये येत असतील तर ‘विदिन टू वर्किंग डेज’. शुक्रवारी संध्याकाळी पाठवलेल्या मेलसाठी हा ‘वर्किंग’ शब्द दोन पूर्ण दिवसांचा फरक पाडतो.

मागच्या वेळेसाठी ‘बिफोर टू डेज’ ही आपली अगदी खास चूक. ‘दोन दिवसांपूर्वी मेल पाठवला’ म्हणजे ‘आय सेंट द मेल टू डेज अगो’. ‘अगो’ मराठीतल्या ‘पूर्वी’सारखं आकड्यानंतर येतं, ही आपल्या सोयीचीच गोष्ट आहे. ‘बिफोर’ हवंच असेल तर त्याच्या पुढे घटना यावी लागते : ‘टू डेज बिफोर द लाँच’. ‘टू डेज बॅक’ बोलण्यात चालून जातं, लेखी मेलमध्ये ‘अगो’ बरं.

‘पासून’चीही अशीच फोड करावी लागते. ‘सोमवारपासून’ आणि ‘दोन तासांपासून’ यांत मराठीला फरक वाटत नाही. इंग्रजीत सुरुवातीचा बिंदू असेल तर ‘सिन्स’, लांबी असेल तर ‘फॉर’. ‘सिन्स मंडे’, ‘सिन्स १० एएम’. पण ‘फॉर टू आवर्स’, ‘फॉर थ्री वीक्स’. आणि क्रियापद ‘हॅव बीन वेटिंग’ असं करायला विसरू नका, ‘आय ॲम वेटिंग सिन्स टू आवर्स’ या एका वाक्यात दोन चुका आहेत. ‘पासून’ भविष्याकडे बघत असेल तर तिसरा शब्द : ‘फ्रॉम’. नवीन वेळापत्रक १ जुलैपासून लागू होणार असेल तर ‘फ्रॉम १ जुलै’, सरकारी धाटणीत ‘विथ इफेक्ट फ्रॉम १ जुलै’. ‘इफेक्टिव्ह १ जुलै’मध्ये मध्ये काहीच लागत नाही.

‘दहा ते बारा’चे दोन अर्थ

‘मी दहा ते बाराच्या दरम्यान मोकळा आहे’ या वाक्यातला ‘ते’ आणि ‘दरम्यान’ एकत्र इंग्रजीत गेले की ‘बिट्वीन १० टू १२’ तयार होतं. जोड्या पक्क्या आहेत : ‘फ्रॉम’बरोबर ‘टू’, ‘बिट्वीन’बरोबर ‘अँड’. अर्थही वेगळा. ‘द वर्कशॉप इज फ्रॉम १० टू १२’ म्हणजे दोन तास चालणार. ‘द टेक्निशियन विल कम बिट्वीन १० अँड १२’ म्हणजे त्या दोन तासांत कधीतरी उगवणार. मुलाखतीला बोलावताना ‘बिट्वीन’ लिहिलं तर उमेदवार पावणेबारालाही येऊ शकतो आणि त्याची चूक नसते. आकड्यांमध्ये रेघ टाकून ‘१०–१२’ लिहायचं असेल तर त्याआधी ‘फ्रॉम’ लावू नका, रेघेतच ‘फ्रॉम’ आणि ‘टू’ दोन्ही आले.

ॲट, ऑन, इन

घड्याळाला ‘ॲट’, वाराला आणि तारखेला ‘ऑन’, महिना-वर्ष-आठवड्याला ‘इन’ हे सगळ्यांना पाठ असतं. मराठीतून येणाऱ्याला ‘वाजता’ आणि ‘महिन्यात, वर्षात’ इथे अडचण येत नाही, कारण ‘वाजता’ म्हणजे ‘ॲट’ आणि ‘-त’ म्हणजे ‘इन’ हे बहुतेक वेळा जुळतं. अडचण आहे ती ‘-ई’ प्रत्ययाची. सोमवारी, सकाळी, संध्याकाळी, रात्री : आपल्याकडे सगळ्यांना एकच शेपूट. इंग्रजीत ‘ऑन मंडे’, ‘इन द मॉर्निंग’, ‘इन द इव्हनिंग’, ‘ॲट नाइट’. ‘दुपारी’ तर दोन घरांत विभागली जाते : दुपारी बाराला ‘ॲट नून’, त्यानंतरच्या दुपारला ‘इन द आफ्टरनून’.

एक नियम लक्षात ठेवला की बाकीचं आपोआप सुटतं : वार किंवा तारीख सोबत आली की ‘ऑन’ जिंकतो. ‘इन द मॉर्निंग’, पण ‘ऑन मंडे मॉर्निंग’. ‘ॲट नाइट’, पण ‘ऑन फ्रायडे नाइट’. ‘इन जून’, पण ‘ऑन ८ जून’ आणि ‘ऑन द फर्स्ट मंडे ऑफ जून’. ‘ऑन द मॉर्निंग ऑफ ८ जून’सुद्धा. सणांनाही हेच माप लावा. एका दिवसाचा सण ‘ऑन गुढीपाडवा’, ‘ऑन महाराष्ट्र डे’. अनेक दिवसांचा ‘ड्युरिंग गणेशोत्सव’, ‘ओव्हर दिवाळी’. वीकेंडला ब्रिटिश ‘ॲट द वीकेंड’ म्हणतात, अमेरिकन ‘ऑन द वीकेंड’. ‘ओव्हर द वीकेंड’ दोघांनाही चालतं. ‘इन द वीकेंड’ या दोघांचंही नाही.

महिनाअखेरीला ‘ॲट द एंड ऑफ द मंथ’, मुदत असेल तर ‘बाय द एंड ऑफ द मंथ’. ‘इन द एंड’ म्हणजे ‘सरतेशेवटी’, त्याचा कॅलेंडरशी संबंध नाही. ‘ऑन टाइम’ म्हणजे ठरल्या वेळेला, ‘इन टाइम’ म्हणजे उशीर होण्याआधी : ट्रेन ‘ऑन टाइम’ सुटते आणि तुम्ही ती पकडायला ‘इन टाइम’ पोचता.

जिथे काहीच लावायचं नाही

‘नेक्स्ट’, ‘लास्ट’, ‘धिस’, ‘एव्हरी’ यांपैकी शब्द वेळेच्या आधी आला की ‘ॲट, ऑन, इन’ गळून पडतात. ‘ऑन नेक्स्ट मंडे’ नाही, ‘नेक्स्ट मंडे’. ‘इन धिस वीक’ नाही, ‘धिस वीक’. ‘टुडे’, ‘टुमॉरो’, ‘यस्टरडे’ यांनाही तेच. पण गळतात ते हे तीनच. ‘बाय नेक्स्ट मंडे’, ‘फ्रॉम नेक्स्ट मंडे’, ‘शेड्यूल्ड फॉर टुमॉरो’ हे जागच्या जागी राहतात, कारण ते वेगळा अर्थ वाहून आणतात. ‘नेक्स्ट फ्रायडे’ म्हणजे येता शुक्रवार की त्याच्या पुढचा, यावर इंग्रजी बोलणाऱ्यांतही दोन तट आहेत. तारीख जोडा.

मीटिंगच्या मेलमधली काही क्रियापदंही मोकळीच बरी : ‘डिस्कस द बजेट’, ‘अटेंड द मीटिंग’, ‘जॉइन द कॉल’, ‘रीच द ऑफिस बाय ९’. ‘डिस्कस’ला ‘अबाउट’ चिकटवायची सवय सगळ्यात चिवट आहे. ‘डिस्कशन’ या नामाला मात्र ‘अबाउट’ किंवा ‘ऑन’ लागतं. ‘रिक्वेस्ट’चंही तसंच : ‘आय रिक्वेस्ट अ मीटिंग’, पण ‘अ रिक्वेस्ट फॉर अ मीटिंग’.

एक मेल दुरुस्त करून बघू

‘द रिव्ह्यू मीटिंग ऑफ १० जून इज पोस्टपोन्ड ऑन १२ जून इन द मॉर्निंग बिट्वीन ११ टू १२. प्लीज सेंड युवर स्लाइड्स टिल थर्सडे. आय ॲम ऑन लीव्ह फ्रॉम मंडे अँड विल कम आफ्टर टू डेज. वुई विल डिस्कस अबाउट द बजेट.’

पहिल्या वाक्यात ‘पोस्टपोन्ड ऑन’मुळे १२ जून हा निर्णयाचा दिवस वाटतो, आणि ‘बिट्वीन ११ टू १२’मुळे मीटिंग तासभर चालणार की त्या तासात कधीतरी सुरू होणार ते कळत नाही. ‘सेंड टिल थर्सडे’ म्हणजे गुरुवारपर्यंत पाठवतच राहा. ‘आफ्टर टू डेज’ कशापासून मोजायचे, मेलच्या तारखेपासून की सोमवारपासून, हे वाचणाऱ्याने ठरवायचं. दुरुस्त मेल असा :

‘द रिव्ह्यू मीटिंग हॅज बीन मूव्ह्ड फ्रॉम वेन्सडे, १० जून टू फ्रायडे, १२ जून, फ्रॉम ११ एएम टू १२ नून. प्लीज सेंड युवर स्लाइड्स बाय ६ पीएम ऑन थर्सडे, ११ जून. आय विल बी ऑन लीव्ह ऑन मंडे अँड ट्यूजडे अँड बॅक ॲट वर्क ऑन वेन्सडे, १० जून. वुई विल डिस्कस द बजेट.’

लांबी थोडीशीच वाढली, पण उलट विचारणा करणारे मेल वाचले.

परदेशातल्या टीमसाठी थोडं अधिक

प्रिपोझिशन बरोबर असूनही वेळ चुकते ती या ठिकाणी. ‘ॲट ६ पीएम आयएसटी’मधलं ‘आयएसटी’ आपल्यासाठी भारतीय वेळ, पण आयर्लंड आणि इस्रायलच्या वेळेलाही हीच आद्याक्षरं वापरतात. ‘६ पीएम इंडिया टाइम’ लिहिलं की प्रश्न मिटतो. लंडन आपल्यामागे उन्हाळ्यात साडेचार तास आणि हिवाळ्यात साडेपाच तास असतं, न्यूयॉर्क साडेनऊ आणि साडेदहा. अमेरिकेतली घड्याळं मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुढे जातात, युरोपातली शेवटच्या रविवारी. मधल्या आठवड्यांत ‘एव्हरी मंडे ॲट ६ पीएम’ची मीटिंग एका टीमसाठी तासभर सरकते, तेव्हा कुणाच्या घड्याळाने सहा ते मेलमध्ये असू द्या.

‘०५/०६’ ही तारीख अमेरिकेत ६ मे होते, महिना अक्षरात लिहा. ‘मिडनाइट ऑन फ्रायडे’ म्हणजे शुक्रवार सुरू होतानाची मध्यरात्र की संपतानाची, हे स्पष्ट नसतं. मुदतीसाठी ‘११:५९ पीएम ऑन फ्रायडे’ सुरक्षित. फोनवर ब्रिटिश माणूस ‘हाफ थ्री’ म्हणाला तर साडेतीन समजा, पण जर्मन सहकाऱ्याच्या मातृभाषेत तीच रचना अडीच वाजल्याची आहे, म्हणून त्याच्याकडून आकडा वदवून घ्या. अमेरिकन ‘क्वार्टर ऑफ थ्री’ म्हणजे पावणेतीन. आणि ‘क्यू वन’ म्हणताना महिने सांगा : एप्रिलपासून वर्ष मोजणाऱ्या आपल्या कंपनीचा पहिला तिमाहीचा काळ एप्रिल ते जून, जानेवारीपासून मोजणाऱ्या क्लायंटचा जानेवारी ते मार्च.

मेल पाठवण्याआधी शोधपट्टीत पाच शब्द टाकून बघावेत : ‘टिल’, ‘आफ्टर’, ‘सिन्स’, ‘बिट्वीन’ आणि ‘बाय’. जिथे सापडतील तिथे वाक्य मराठीत मनात म्हणायचं आणि ‘पर्यंत’, ‘नंतर’ किंवा ‘पासून’ नेमकं कुठल्या अर्थाने आलं ते बघायचं. त्यानंतर ‘नेक्स्ट’ शोधायचं, आणि त्याच्या शेजारी तारीख नसेल तर ती घालायची.